दारी झुलतो हत्ती, पण चारा कोण घालणार?

सेकंड हॅण्ड लक्झरी सेडान घ्यायचा किडा डोक्यात वळवळतोय? मग चेकवर सही करण्याआधी हे वाचाच!

चौदा लाख रुपये. एवढ्यात काय येतं? शोरूममध्ये गेलात तर एक छानशी, नवीकोरी, मधल्या साइझची सेडान येते. सोबत वॉरंटी, पेढ्यांचा बॉक्स आणि चावी हातात देतानाचा फोटो. आणि तेवढ्याच पैशांत, आठ-दहा वर्षं जुनी का होईना, पण बोनेटवर तीन टोकांचा तारा मिरवणारी मर्सिडीज येते. किंवा बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज. किंवा चार कड्यांची ऑडी. आता सांगा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुठली चावी फिरवायला आवडेल?

उत्तर माहीत आहे! ज्यांच्या बाबांनी अख्खी नोकरी बजाजच्या स्कूटरवर काढली, त्यांच्या घरासमोर बीएमडब्ल्यू उभी राहणं ही साधी गोष्ट नाही. सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहतो, शेजारचे काका 'केवढ्याला पडली?' विचारतात आणि आई तिसऱ्या मजल्यावरून हळूच वाकून बघते. आपल्याकडे श्रीमंती सांगायची तर 'दारात हत्ती झुलतो' म्हणतात. मुद्दा एवढाच, की हत्ती विकत घेणं आणि हत्ती पोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत किंमत फक्त पहिल्या गोष्टीची लिहिलेली असते.

एवढी स्वस्त कशी काय बुवा?

नवी गाडी शोरूमच्या गेटबाहेर पडली की तिची किंमत घसरायला लागते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. किती घसरते, ते इन्शुरन्सवाल्यांच्या कोष्टकात बघा. गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे पाच वर्षांत कागदावर निम्मी किंमत गायब! पन्नास लाखांच्या गाडीत ही निम्मी किंमत पंचवीस लाख होते, हाच काय तो फरक.

त्यात लक्झरी गाडी घेणारा पहिला मालक बहुधा ती फार वर्षं ठेवत नाही. नवं मॉडेल आलं, वॉरंटी संपत आली, की गाडी बाजारात. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) उद्योजकांनी मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज बुक केल्या होत्या, आठवतंय? अख्ख्या देशात त्याची चर्चा झाली. पण अशा नव्या गाड्या कधी ना कधी दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातातच. तो दुसरा-तिसरा हात म्हणजे तुम्ही-आम्ही.

आणखी दोन कारणं आहेत. पहिलं जीएसटीचं. मोठ्या सेडानवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी आला. नवी स्वस्त झाली, की जुनीलाही भाव खाली आणावा लागतो. दुसरं कारण दिल्लीचं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवायच्या नाहीत, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०२५ मध्ये कोर्टाने यात ढील दिली खरी, पण मधल्या काळात तिकडच्या डिझेल गाड्या मिळेल त्या भावाने इतर राज्यांत गेल्या. म्हणून पुण्यात-मुंबईत बघितलेल्या 'एकदम चकाचक' गाडीची नंबर प्लेट नीट बघा. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवं रजिस्ट्रेशन लागतं, तिकडची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. 'स्वस्त' या शब्दाला इथेच पहिला धक्का बसतो.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

आता या सगळ्या प्रकरणाचा मेन फंडा. तुम्ही गाडी चौदा लाखांना घेतलीत म्हणून ती चौदा लाखांची गाडी होत नाही. ती पंचेचाळीस-पन्नास लाखांचीच गाडी असते, फक्त तुम्हाला चौदा लाखांत मिळालेली असते. तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिच्या डिस्क आणि तिचा शॉकअप, या सगळ्यांच्या किमती नव्या गाडीच्या हिशेबाने ठरलेल्या असतात. स्पेअर पार्टच्या काउंटरवर 'गाडी सेकंड हॅण्ड आहे हो' म्हणून कुणी डिस्काउंट देत नाही!

उलट गाडीचं वय वाढतं तसे बदलायचे पार्ट वाढत जातात. म्हणजे गाडीची किंमत खाली आणि दुरुस्तीचं बिल वर. हे दोन आलेख जिथे एकमेकांना छेदतात, नेमकी तिथे तुमची एंट्री होते. पहिल्या मालकाने गाडीची मजा घेतली वॉरंटीत. तुम्ही ती घेणार वॉरंटीशिवाय.

मोडतं काय? आणि का?

'जर्मन गाड्या टिकाऊ असतात' हे अर्धं सत्य आहे. बॉडी आणि इंजिनचा मूळ ठोकळा दणकट असतो, वाद नाही. पण त्याभोवती रबर, प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे जंजाळ असतं, ते किलोमीटरनेच नाही तर वर्षांनीही म्हातारं होतं. त्यामुळे 'फक्त चाळीस हजार किलोमीटर चाललीय साहेब' हे वाक्य ऐकून भुलू नका. दहा वर्षांत चाळीस हजार चाललेली गाडी म्हणजे बराच काळ उभी राहिलेली किंवा सतत ट्रॅफिकमध्ये रखडलेली गाडी. इंजिन तासन्तास चालू, मीटर मात्र जागच्या जागी.

सस्पेन्शन: या गाड्यांची चाकं अनेक अ‍ॅल्युमिनियमच्या आर्म्सवर तोललेली असतात. म्हणून तर वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते. पण प्रत्येक आर्मला रबरी बुश, आणि आपल्या रस्त्यांना प्रत्येक पावसाळ्यात खड्डे. बुश गेला की बहुतेक वेळा अख्खा आर्म बदलावा लागतो. पुढच्या बाजूचं काम काढलं तरी बिल पन्नास हजार ते लाखाच्या घरात सहज जातं. मर्सिडीजच्या ई क्लास-एस क्लासच्या काही मॉडेल्समध्ये एअर सस्पेन्शन असतं, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसली, की समजा लाखांच्या भाषेत बोलायची वेळ आली.

कूलिंग: वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंटचे पाइप. यात बरंच प्लास्टिक असतं आणि उष्णतेने ते ठिसूळ होतं. पार्ट लहान, पण दुर्लक्ष केलं तर इंजिन तापून हेड जातं. एप्रिलच्या उन्हात एक्सप्रेस-वेवर टेम्परेचरचा इशारा आला तर 'पुढच्या फूड मॉलपर्यंत जाऊ' असं म्हणायचं नाही. तिथेच कडेला थांबायचं.

गिअरबॉक्स: 'याचं ऑइल लाइफटाइम असतं, बदलावं लागत नाही' असं बरेचजण छातीठोक सांगतात. बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. खुद्द झेडएफ सांगते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये, किंवा फार तर आठ वर्षांनी, ऑइल बदला. ऑइल बदलायला काही दहा हजार लागतील. गिअरबॉक्स उघडायला मात्र काही लाख.

इलेक्ट्रॉनिक्स: या गाडीत डझनावारी कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. साधी बॅटरी बदलली तरी बऱ्याच मॉडेल्समध्ये ती गाडीच्या कॉम्प्युटरला 'रजिस्टर' करावी लागते. नवा मोड्यूल टाकला तर त्याचं कोडिंग करावं लागतं. कोपऱ्यावरचे मिस्त्रीकाका कितीही कसबी असले, तरी त्यांच्याकडे योग्य स्कॅनर नसेल तर ते फक्त अंदाज बांधणार आणि त्या अंदाजांचे पैसे तुम्ही भरणार.

टायर: अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये स्टेपनीच नसते. त्याऐवजी रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झालं तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर गाडी चालते. आयडिया भन्नाट! पण टायर कडक, आपल्या खड्ड्यांत त्याला फुगा यायची भीती, आणि चार टायरचं बिल साधारण सत्तर-ऐंशी हजार.

कुठल्या गाडीचं कुठलं दुखणं?

प्रत्येक मॉडेलची एक ठरलेली दुखरी नस असते. घेण्याआधी ती माहीत हवी.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३२०डी आणि ५२०डीमधलं एन४७ हे डिझेल इंजिन मायलेज आणि ताकद दोन्हीसाठी गाजलं. पण त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत ही चेन लवकर झिजत होती. चेन स्वतः महाग नाही, पण तिथपर्यंत पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सकाळी इंजिन थंड असताना मागून खरखर आली, तर सौदा तिथेच थांबवा.

ऑडीच्या २००९ ते २०११ च्या आसपासच्या ए४ मधलं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन ऑइल प्यायचं. अमेरिकेत त्यावरून ग्राहक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. त्या काळातल्या काही ए४ आणि ए६ मध्ये 'मल्टीट्रॉनिक' नावाचा सीव्हीटी गिअरबॉक्स होता. चालवायला लोण्यासारखा, दुरुस्तीला मात्र डोकेदुखी. २०१४ च्या सुमारास ऑडीने तो बंदच केला. फोक्सवॅगन समूहाचा सात-स्पीड ड्राय क्लच डीएसजी तर आणखी प्रसिद्ध. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून कंपनीने सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. यातला 'मेकॅट्रॉनिक' नावाचा भाग गेला, की बिल दीड-दोन लाखांपासून सुरू होतं.

मर्सिडीजच्या डब्ल्यू२०४ पिढीतल्या सी२०० पेट्रोलमध्ये एम२७१ इंजिन आहे. त्यातही टायमिंग चेन आणि कॅमशाफ्टचे दातेरी गिअर झिजतात. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड ऐकू येते का, एवढं बघायचं.

याचा अर्थ या गाड्या वाईट आहेत का? मुळीच नाही. याच गाड्या वेळेवर सर्व्हिस केल्या तर दोन लाख किलोमीटर सुखाने चालतात. प्रश्न गाडीचा कमी आणि आधीच्या मालकाने तिला कसं सांभाळलं याचा जास्त आहे.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचं गॅरेज?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसी लाऊंज, कॉफी आणि गोड बोलणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर मिळतो. शेवटी मिळणारं बिल मात्र गोड नसतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये तेच काम बऱ्याच कमी पैशांत होऊ शकतं. पण ते गॅरेज त्याच ब्रॅण्डच्या गाड्यांवर रोज काम करणारं हवं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वर्षानुवर्षं कार कंपन्या बाहेरच्या गॅरेजना ओरिजिनल पार्ट आणि स्कॅनर द्यायला टाळाटाळ करत होत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने यावरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा आणि फोक्सवॅगनही होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण ग्राहकाला कंपनीच्या दारातच बांधून ठेवण्याचा हा प्रकार पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात चव्हाट्यावर आला.

पैसे वाचवायचा खरा मार्ग पार्टच्या बॉक्समध्ये आहे. कार कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत. शॉकअप सॅक्सचा, सस्पेन्शनचा आर्म लेमफोर्डरचा, फिल्टर मान किंवा माहलेचा, सेन्सर बॉशचा. तोच पार्ट कार कंपनीचा लोगो असलेल्या बॉक्समध्ये महाग आणि मूळ उत्पादकाच्या बॉक्समध्ये स्वस्त. गॅरेजवाल्याला सरळ विचारा, 'ओईएम मिळेल का?' मात्र ब्रेक, एअरबॅग आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत 'लोकल माल' नकोच. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात. दरवाजाचं हँडल, आरसा, सीटचं प्लास्टिक यासाठी ते ठीक. जिवाशी संबंध असलेल्या पार्टसाठी नाही.

चला, हिशेब मांडू

समजा, चौदा लाखांची जुनी लक्झरी सेडान घेतलीत. चार लाख खिशातले, दहा लाख लोन, १२ टक्क्यांनी चार वर्षांसाठी. ईएमआय झाला २६ हजार ३३४ रुपये. आता चार वर्षांचा अंदाजे हिशेब असा:

लोनवरचं व्याज: २ लाख ६४ हजार
इन्शुरन्स: १ लाख ६० हजार
नेहमीची सर्व्हिस: १ लाख ४० हजार
टायरचा एक सेट: ८० हजार
ब्रेक पॅड आणि डिस्क: ७० हजार
सस्पेन्शनचं काम: १ लाख
बॅटरी आणि किरकोळ: ५० हजार
एक मोठं काम (गिअरबॉक्स, टर्बो किंवा टायमिंग चेन): २ लाख ५० हजार

बेरीज, ११ लाख १४ हजार. चार वर्षांनी गाडी सहा लाखांना गेली असं धरलं, तर आणखी आठ लाख घसाऱ्यात गेले. एकूण १९ लाख १४ हजार. भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला जवळपास ४० हजार रुपये. पेट्रोल-डिझेल वेगळं! नशीब जोरावर असेल आणि एकही मोठं काम निघालं नाही, तरी आकडा ३५ हजारांच्या आसपास राहतो.

आता त्याच चौदा लाखांत नवी साधी सेडान. लोन ९ टक्क्यांनी, व्याज १ लाख ९४ हजार. इन्शुरन्स १ लाख ४० हजार, सर्व्हिस ५० हजार, टायर ३५ हजार. चार वर्षांनी विकून आठ लाख आले तर घसारा सहा लाख. एकूण १० लाख १९ हजार. महिन्याला साधारण २१ हजार. हे आकडे तुमच्या शहराप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतील, पण प्रमाण फारसं बदलणार नाही. बाहेरून सारखीच किंमत, आतून जवळपास दुप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच!

आणि हा फरक म्हणजे नुसता आकडा नाही. महिन्याचे एकोणीस हजार म्हणजे एक बऱ्यापैकी एसआयपी. घराच्या डाऊन पेमेंटची सुरुवात. किंवा नोकरी बदलताना दोन महिने निवांत बसण्याची सोय. गाडीचं मोठं काम नेमकं बहिणीच्या लग्नाच्या महिन्यात निघतं, तेव्हा क्रेडिट कार्ड स्वाइप होतं आणि तिथून खरी घसरण सुरू होते. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून झाकण घालून महिनोन् महिने उभ्या असलेल्या जर्मन गाड्या बऱ्याच मोठ्या सोसायट्यांमध्ये दिसतात. विकायला जावं तर बंद गाडीला भाव नाही, चालू करावं तर पैसे नाहीत. त्या झाकणाखाली एखाद्याचं चार वर्षांचं सेव्हिंग झोपलेलं असतं.

इन्शुरन्स आहे ना? मग कसली चिंता!

थांबा. साध्या पॉलिसीत अपघातानंतर पार्ट बदलताना घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर थेट ५० टक्के. धातूच्या पार्टवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, त्यापुढे ५० टक्के. लक्झरी गाडीचा एलईडी हेडलाइट लाखाच्या पुढे जाऊ शकतो, बंपर तर प्लास्टिकचाच. म्हणजे अर्धं बिल तुमच्या माथी. 'झीरो डेप' कव्हर घेतलं तर हे टळतं, पण बऱ्याच कंपन्या ठरावीक वयानंतर ते देत नाहीत. गाडी ठरवण्याआधीच कोटेशन काढा.

दुसरी गोष्ट पावसाची. मिलन सबवेत पाणी भरलंय, गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारलात, की पाणी इंजिनात शिरून इंजिन जाम होतं. हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' कव्हर लागतं. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही, टो करून न्यायची, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

शिवाय आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत इन्शुरन्सही नावावर करून घ्या.

चौकट: सौदा करण्याआधी दहा गोष्टी

१. 'डॉक्टरची गाडी, सिंगल हॅण्ड' या वाक्यावर नाही, सर्व्हिस हिस्टरीवर विश्वास ठेवा. १७ अक्षरांचा व्हिन नंबर घ्या, मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढा.

२. मीटर मागे फिरवलेला असू शकतो. स्टिअरिंगचं लेदर, ब्रेकचं पेडल आणि ड्रायव्हर सीटची कड खोटं बोलत नाहीत.

३. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, 'इंजिन सुरू करून ठेवू नका.' खरे आवाज थंड इंजिनच काढतं.

४. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर तेवढे पैसे भावातून कापा.

५. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटखालच्या रुळांवर आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला चिखलाचे डाग किंवा गंज दिसतो का बघा. पुरात बुडालेली गाडी बाहेरून कितीही चमकवता येते. २६ जुलै २००५ नंतरची मुंबई आठवा.

६. योग्य स्कॅनर लावून सगळ्या कॉम्प्युटरमधले एरर वाचून घ्या. एरर सगळे आजच पुसलेले असतील तर तीही एक बातमीच आहे.

७. ओळखीच्या तज्ज्ञ गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून तपासा. पाच-सात हजार गेले तरी चालतील. मालक नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

८. आरसी, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, पेंडिंग ई-चलान. सगळं परिवहनच्या साइटवर पडताळा.

९. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. बारा वर्षांची गाडी घेताय म्हणजे तीन वर्षांनी आरटीओची फेरी नक्की.

१०. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ई२० पेट्रोलबद्दल विचारा. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील २० टक्के इथेनॉल धरून बनवलेले नव्हते.

मग घ्यायची की नाही?

तीन प्रश्नांची उत्तरं द्या. एक, गाडीच्या किमतीच्या साधारण २० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, हात न लावता, ठेवता येईल का? चौदा लाखांच्या गाडीला म्हणजे पावणेतीन-तीन लाख. दोन, गाडी दोन आठवडे गॅरेजमध्ये पडली तर ऑफिसला जायची दुसरी सोय आहे का? जर्मनीहून पार्ट येईपर्यंत तुमचा बॉस थांबणार नाही. तीन, शहरात या ब्रॅण्डचं एक भरवशाचं गॅरेज माहीत आहे का? तिन्हींना 'हो' असेल तर बिनधास्त घ्या. कागदोपत्री स्वच्छ, एका हातची, सर्व्हिस हिस्टरीवाली गाडी दोन लाख जास्त देऊनही स्वस्तच पडते. कंपन्यांच्या स्वतःच्या सेकंड हॅण्ड योजना आहेत, जसं बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्ड प्लस. तिथे भाव जास्त असतो, पण तपासणी झालेली असते आणि वॉरंटीचं बोलणं करता येतं.

एकालाही 'नाही' असेल तर मधला मार्ग आहे. थोडी कमी मिरवणारी पण जास्त साथ देणारी गाडी. उदाहरणार्थ, टोयोटाची कॅमरी हायब्रिड, जी २०१३ पासून बेंगळुरूजवळच्या बिडदीत तयार होते. टोयोटाचाच लक्झरी ब्रॅण्ड लेक्सस अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या टिकाऊपणाच्या पाहणीत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं पहिला आला. कॅमरी त्याच घराण्यातली. मागची सीट एखाद्या चेअरमनला शोभेल अशी. फक्त वॉचमन उठून उभा राहणार नाही!

आणि थ्री सीरीजच हवी असेल, तर तीही चूक नाही. पावसाळा सरल्यावर पहाटे पाचला ताम्हिणीच्या वळणांवर ती जे सुख देते, त्याचा हिशेब कुठल्याच एक्सेल शीटमध्ये बसत नाही. फक्त ते सुख चौदा लाखांत मिळतं अशा समजुतीत राहू नका. चार वर्षांच्या बिलांसकट त्याची किंमत मांडा, ती परवडत असेल तर ताठ मानेने घ्या आणि पहिल्या दिवसापासून चाऱ्याची पिशवी भरायला लागा. दारातला हत्ती झुलत राहायला हवा, नुसता उभा नको!